अकोल्याच्या उन्हाळ्यासाठी सर्व्हर रूम: रॅक आणि कूलिंगच्या प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी

काम अकोल्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलचं. सीटी, एमआरआय, सोनोग्राफी आणि एक्स-रेच्या प्रतिमा साठवणारे दोन सर्व्हर, एक स्टोरेज, बॅकअपचा डबा, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, फायरवॉल आणि नेटवर्कचे स्विच हे सगळं आजवर वेगवेगळ्या खोल्यांत टेबलांवर, कपाटांत पसरलेलं आहे. ते एका रॅकमध्ये (यंत्रं एकावर एक बसवायच्या लोखंडी कपाटात), एका खोलीत आणायचं.

खोली वरच्या मजल्यावरची मिळाली. डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब, पश्चिमेला बाहेरची भिंत. दहा बाय बारा फूट, उंची दहा फूट, एक खिडकी, एक जुना दीड टनी एसी. तळमजल्यावरची जागा मागून पाहिली, पण तिथली प्रत्येक फूट ओपीडीला लागते आणि ते बरोबरच आहे. तेव्हा हीच खोली धरून पुढे जायचं.

आत्ता फेब्रुवारीत इथे सगळं छान वाटतं. खरी परीक्षा एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. अकोल्यात पारा ४५ पार जाणं नवं नाही. २०२४ च्या मे महिन्यात तर उष्णतेमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं होतं. त्या दिवसांत हायवेवरचा अपघाताचा पेशंट रात्री दोनला सीटीसाठी आला आणि सर्व्हर तापून बंद पडलेला निघाला, असं होता कामा नये. हिशोब मेचा धरायचा, फेब्रुवारीचा नाही.

१५ फेब्रुवारी

आज उष्णतेचा हिशोब. प्लेटवरचे आकडे घेतले नाहीत. पॉवर सप्लायवर ७५० वॉट लिहिलेलं असलं तरी सर्व्हर तेवढे ओढत नाही. क्लॅम्प मीटर आणि यूपीएसच्या डिस्प्लेवरून, भर कामाच्या वेळी, एकेका यंत्राचा प्रत्यक्ष भार मोजला. दोन सर्व्हर मिळून साधारण ८५०, स्टोरेज ४००, रेकॉर्डर आणि बॅकअप मिळून ४००, स्विच, फायरवॉल आणि किरकोळ धरून ७५०. एकूण २.४ किलोवॉट.

यात एक बारकावा आहे. पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पुरवणारा) जी वीज ओढतो तिच्यातली बरीचशी केबलमधून कॅमेऱ्यांकडे आणि वायफायच्या डब्यांकडे जाते. ती उष्णता तिकडे वॉर्डात, पार्किंगमध्ये पडते, या खोलीत नाही. मी तरीही ती वजा केलेली नाही. पुढे कॅमेरे वाढतील, डिस्क वाढतील, तेवढी जागा राहू दे.

यूपीएस ६ केव्हीएचा, ऑनलाइन प्रकारचा, म्हणजे सगळा भार सतत स्वतःतून नेणारा. तो स्वतः सुमारे २०० वॉट खातो आणि खोलीतच सोडतो. झाले २.६ किलोवॉट. एक वॉट म्हणजे तासाला ३.४१२ बीटीयू (उष्णतेचं एक माप), एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू. म्हणजे यंत्रांची उष्णता पाऊण टनाच्या आसपास. (एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तो हा टन. एसीच्या वजनाशी त्याचा संबंध नाही, हे अकाउंट्सच्या मॅडमना आज समजावून सांगितलं. कोटेशनमधला टन पाहून त्या बुचकळ्यात पडल्या होत्या.)

आता खोलीची. तापलेला स्लॅब, पश्चिमेची भिंत, खिडकी: मेच्या संध्याकाळी हे मिळून एक किलोवॉट तरी आत ढकलतील असं धरतो. बेरीज ३.६ किलोवॉट, म्हणजे एक टनाच्या किंचित वर.

यावर मेंटेनन्सचे काका म्हणाले, "मग दीड टनाचा आहे की आपला, पुरतो." कागदावर पुरतो. पण एसीचा टन ३५ अंशांच्या बाहेरच्या तापमानाला मोजलेला असतो. गच्चीवर तापलेल्या स्लॅबजवळ हवा ४७-४८ अंश असेल तेव्हा त्याच्याकडून तेवढं काम होत नाही. शिवाय घरगुती एसी आपल्या ताकदीतला चौथा हिस्सा हवेतलं पाणी काढण्यात घालवू शकतो. माणसांना ते हवं असतं, सर्व्हरला घाम येत नाही. दीड टन म्हणजे ५.३ किलोवॉट. त्यातला पाऊण हिस्सा कामाचा धरला, ४ किलोवॉट. त्यातून उन्हाची घट वजा केली की ३.३ च्या आसपास उरतात. भार ३.६. म्हणजे ज्या दिवशी गरज सर्वात जास्त, नेमका त्याच दिवशी तो कमी पडणार.

शिफारस लिहून दिली: दोन टनाचे दोन इन्व्हर्टर एसी. एक चालेल, दुसरा थांबेल, आलटून पालटून. दोन टनाचा एक एसी याच हिशोबाने मेमध्येही ४.३ किलोवॉट देतो. दुसरा हौस म्हणून नाही. पहिल्याचा कॉम्प्रेसर रविवारी दुपारी गेला तर मिस्त्री सोमवारी येईल, तोवरची ती सोय.

१८ फेब्रुवारी

मीटिंगमध्ये कूलरचा प्रश्न आला. येणारच होता. विदर्भात घरोघरी कूलर, आणि तो उत्तम काम करतो, कारण एप्रिल-मेची हवा कोरडी असते. मग सर्व्हर रूमलाच का नको?

थेट पाण्याचा कूलर म्हणजे खोलीत सतत ओल. रात्री हवा जरा गार झाली की तीच ओल पत्र्यावर, सर्किटवर बसू शकते. दुसरं कारण तर अगदी इथलं. अकोला, अमरावती, बुलडाणा या पट्ट्यात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. बोअरच्या पाण्यात इतके क्षार की कूलरच्या जाळ्या एका हंगामात पांढऱ्या पडतात. पाण्याचे बारीक थेंब हवेबरोबर उडाले तर ते क्षारही उडतात, पाणी सुकतं आणि क्षार बोर्डावर राहतो. पुढे पावसाळ्यात तो ओल धरतो आणि तांब्याला खातो. बिघाड मेमध्ये दिसतही नाही, ऑगस्टमध्ये दिसतो.

सगळ्यांना पटलं. खारं पाणी काय करतं हे इथे कोणाला सांगावं लागत नाही.

२४ फेब्रुवारी

सिव्हिलची कामं चालू. खिडकी विटांनी बंद. आतून पश्चिमेच्या भिंतीला आणि स्लॅबला इन्सुलेशन, गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग. जुनं फॉल्स सीलिंग काढून टाकलं. त्याच्या फटींतून गार हवा वर जाऊन नुसती अडकून बसायची, आणि आत उंदरांनी वायर कुरतडलेल्या सापडल्या. केबल आत येण्याची सगळी भोकं फायर सीलंटने बुजवली. उंदीर आणि पाली दोघांनाही रस्ता बंद.

स्ट्रक्चरल इंजिनिअरनी बीमच्या रेषेवर रॅकची जागा आखून दिली. भरलेला रॅक साडेतीनशे किलोच्या घरात जाईल. यूपीएसच्या सोळा बॅटऱ्या दोनशे किलोच्या वर, त्या वेगळ्या स्टँडवर, दुसऱ्या बीमजवळ.

३ मार्च

अर्थिंग. इमारतीच्या मागे दोन नवे खड्डे, केमिकल अर्थिंग. इथली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात ओली असताना रेझिस्टन्स सुरेख येतो. उन्हाळ्यात तीच जमीन हात जाईल एवढ्या भेगा देते, माती इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रेझिस्टन्स चढतो. म्हणून आजचा आकडा, एक ओहमच्या आत, यावर समाधान नाही. मेमध्ये पुन्हा मोजायचा. खड्ड्यांत आठवड्याला पाणी घालायचं काम माळीदादांनी आनंदाने अंगावर घेतलं.

७ मार्च

रॅक आला. ४२ यू (यू म्हणजे रॅकमधल्या उंचीचं माप), ८०० रुंद, १००० मिमी खोल. जिन्याच्या वळणावर उभा वळेना, आडवा करून, कड्यांना दोर लावून हमालांनी वर नेला. ते काम बघण्यासारखं होतं. कुठेही ओरखडा नाही.

मात्र पुरवठादाराने समोरचा दरवाजा काचेचा पाठवला. ऑर्डरमध्ये जाळीचा लिहिला होता, पुढे आणि मागे दोन्हीकडे. फोनवर उत्तर मिळालं की काचेचा महाग असतो, तुमचा फायदाच झाला, आणि वर छताला चार पंखे आहेत ना. लेखी कळवलं. बदली दरवाजा येईपर्यंत थांबायला वेळ नाही, बसवणी सुरू करतो. काचेच्या दरवाजाने काय होतं ते मोजून ठेवू, पुढे कामाला येईल.

९ मार्च

केज नट. ज्यांनी रॅक कधी भरला नाही त्यांना या चौकोनी नटाची किंमत कळणार नाही. उभ्या पट्टीवर साडेनऊ मिमीची चौकोनी भोकं. नटाचा एक कान आत सरकवायचा, दुसरा कान हूकने ओढून बसवायचा. कान आडवे धरायचे, उभे नाही. हूक न वापरता स्क्रू ड्रायव्हरने ढकलणाऱ्यांची बोटं मी रक्ताळलेली पाहिली आहेत. सोबतच्या मुलाला पहिल्यांदा तेवढंच शिकवलं, अर्ध्या तासात त्याचा हात बसला.

दुसरी गोष्ट भोकांच्या अंतराची. एक यू म्हणजे ४४.४५ मिमी, पावणेदोन इंच, आणि त्यात तीन भोकं. ती समान अंतरावर नसतात: १५.९, १५.९, मग १२.७ मिमी, पुन्हा तेच. यूची हद्द त्या १२.७ च्या अरुंद जोडीच्या मधोमध असते. हे डोळ्यांना दिसायला लागलं की काम सोपं. एक भोक जरी चुकलं तरी यंत्र बसतं, पण पुढचं बसत नाही, आणि मधे अशी फट राहते की कुठलंच पॅनेल तिथे लागत नाही. आम्ही दोन्ही पुढच्या पट्ट्यांवर आणि दोन्ही मागच्या पट्ट्यांवर खुणा केल्या, मगच सर्व्हर सरकवायच्या रेल लावल्या.

मांडणी खालून वर: सर्वात खाली यूपीएस, त्यावर स्टोरेज, मग दोन सर्व्हर, रेकॉर्डर, बॅकअप. वर स्विच आणि पॅच पॅनेल (बाहेरून येणाऱ्या केबल जोडायची पट्टी). जड खाली, हलकं वर, हा नियम वजनासाठी आहेच. पाय टेकवून, लेव्हल धरून, रॅक जमिनीला बोल्ट केल्याशिवाय एकही सर्व्हर रेलवर चढवला नाही. वर जड असलेल्या रॅकमधून सर्व्हर रेलवर पूर्ण बाहेर ओढला तर अख्खा रॅक पुढे झुकू शकतो.

१० मार्च

केबल. वीज डावीकडून, डेटा उजवीकडून, आणि मागचा मधला भाग पूर्ण मोकळा. सर्व्हरच्या मागे केबलचा गुंता म्हणजे धुराड्यात कोंबलेलं गवत. गरम हवा बाहेर पडायलाच जागा नाही. प्लास्टिकच्या टायऐवजी वेल्क्रो. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल. ८०० रुंदीचा रॅक याचसाठी मागितला होता. ६०० मध्ये या केबल हवेच्या वाटेतच येतात.

एका ४८ पोर्टच्या स्विचचा हवेचा प्रवाह तपासताना कळलं की तो डाव्या कुशीतून हवा घेतो आणि उजव्या कुशीतून सोडतो. बाकी सगळी यंत्रं पुढून घेऊन मागे सोडणारी. त्याच्या डाव्या बाजूला पत्र्याचं छोटं वळण करून घेतलं, म्हणजे त्याला पुढची गार हवा मिळेल. स्थानिक फॅब्रिकेटरने एका संध्याकाळीत करून दिलं, कडा घासून, रंग लावून.

१४ मार्च

सगळं चालू. जुना दीड टनी अजून तोच. एसीवाले पुढच्या आठवड्यात येणार.

आज काचेच्या दरवाजाची मापं घेतली. रॅकच्या पुढच्या बाजूला, यंत्रांच्या तोंडाशी, तीन उंचींवर तापमानाचे सेन्सर लावले. डीएस१८बी२० जातीचे, स्वस्त, अर्ध्या अंशात विश्वासार्ह. ते एका छोट्या, वायफाय असलेल्या ईएसपी८२६६ बोर्डला जोडले. खोलीच्या मधोमध २३ अंश. दरवाजा बंद असताना रॅकमध्ये खाली २५, मध्यभागी २९.५, वर ३४.५.

दरवाजा बिजागरीतून काढून बाजूला ठेवला. वीस मिनिटांत: खाली २३.५, मध्ये २४.५, वर २६. एसी तोच, सेटिंग तेच.

मेंटेनन्सचे काका बघत होते. विचारलं, "भाऊ, एसी तं फुल चालू होता, मंग मशीन गरम कायले होऊन राह्यली होती?"

उदबत्ती आणायला सांगितली. (धुराचा डिटेक्टर तेवढ्यापुरता पॅनेलवरून बंद ठेवला, फायर सेफ्टीच्या माणसाला शेजारी उभं करून.) काचेचा दरवाजा पुन्हा लावला आणि पेटती उदबत्ती दरवाजाच्या बाहेर, काचेपाशी धरली. धूर सरळ वर गेला. आत जातच नव्हता. मग दरवाजा बोटभर उघडून उदबत्ती आत, वरच्या सर्व्हरच्या कानाशी धरली. धूर मागून पुढे आला. सर्व्हरच्या मागची गरम हवा बाजूच्या आणि वरच्या मोकळ्या फटींतून फिरून पुढे येत होती आणि तोच सर्व्हर तीच हवा पुन्हा ओढत होता. पुढून गार हवा मिळत नाही म्हटल्यावर पंखे जिथून मिळेल तिथून ओढणारच. छतावरचे चार पंखे त्यात काही करू शकत नाहीत. त्यांनी बाहेर काढलेल्या हवेच्या बदल्यात आत यायलाच वाट नव्हती.

काका म्हणाले, "म्हणजे खोली गार आहे, पण मशीन स्वतःचाच श्वास घेते." यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं.

या यंत्रांना किती हवा लागते याचा साधा हिशोब आहे. वॉटला १.७६ ने गुणा आणि हवा यंत्रातून जाताना जितके अंश तापते त्याने भागा, मिनिटाला लागणारे घनफूट मिळतात. २४०० वॉट, १२ अंश: साधारण ३५०. एवढी हवा दर मिनिटाला या रॅकच्या पुढून आत आणि मागून बाहेर गेली पाहिजे. काचेतून ती जात नाही.

तिन्ही मापं, उदबत्तीचे फोटो आणि हा हिशोब पुरवठादाराला पाठवला.

२१ मार्च

जाळीचे दोन्ही दरवाजे आले, निम्म्याहून बरंच जास्त क्षेत्र उघडं असलेले. काच परत गेली. पुरवठादाराने फरकाचे पैसे न मागता बदलून दिलं, हेही नोंदवतो.

रिकाम्या प्रत्येक यूवर ब्लँकिंग पॅनेल. या प्लास्टिकच्या पट्ट्या लोक वायफळ खर्च म्हणून टाळतात. पण रिकामा यू म्हणजे मागची गरम हवा पुढे यायचं उघडं दार. पट्ट्यांवर आणि रॅकच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या फटींवर झाकण बसवल्यावर वरचा सेन्सर २६ वरून २४.५ वर आला. फक्त प्लास्टिकने दीड अंश.

२५ मार्च

नवे एसी. इनडोअर युनिट कुठे टांगायचं यावर एसीच्या मिस्त्रीदादांशी बराच वेळ बोललो. त्यांची सवय अशी की जिथे पाइप सोपा जातो तिथे. इथे ती जागा बरोबर रॅकच्या डोक्यावर येत होती. तसं कधीच करायचं नाही. ड्रेन तुंबला की पाणी थेट स्विचवर. दोन्ही युनिट रॅकच्या समोरच्या भिंतीवर, साडेआठ फुटांवर, झोत खाली रॅकच्या पुढच्या बाजूला.

आता खोलीचे दोन भाग. रॅक भिंतीसारखा मध्ये उभा. त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत पॉलिकार्बोनेटची शीट, एका बाजूला मागे जायला छोटं दार. पुढचा भाग गार, मागचा गरम. मोठ्या डेटा सेंटरमध्ये याला कोल्ड आइल आणि हॉट आइल म्हणतात.

अडचण एवढीच की भिंतीवरचा स्प्लिट एसी एकाच पेटीतून हवा घेतो आणि सोडतो. मागचा भाग छतापर्यंत पूर्ण बंद केला तर गरम हवा एसीकडे परतणार कशी? म्हणून रॅकच्या वर अर्धा मीटर शीट चढवली आणि त्याच्यावर छतापर्यंत तेवढीच जागा मोकळी सोडली. गरम हवा मागून वर चढते, छताला धरून पुढे येते आणि एसीच्या वरच्या तोंडात जाते. गार झोत खाली पडतो. दोन्ही प्रवाह एकमेकांना कमीत कमी भेटतात. उदबत्तीने पुन्हा पाहिलं, छतालगत धुराची रेघ मागून पुढे सरळ जात होती.

आउटडोअर युनिट गच्चीवर, उत्तरेच्या बाजूला, लोखंडी स्टँडवर स्लॅबपासून दोन फूट वर, आणि एकाची गरम फुंकर दुसऱ्याच्या अंगावर येणार नाही अशी. वरून सावलीला पत्र्याचं छप्पर, पण चारी बाजूंनी मोकळं.

२८ मार्च

एसी आलटून पालटून चालवणारा सिक्वेन्सर. एटीएमच्या खोल्यांत असतो तो साधा टायमर वीज कापून एसी बंद करतो. इन्व्हर्टर एसीची वीज अशी रोज मधेच कापणं त्याच्या बोर्डाला बरं नाही. म्हणून रिमोटच्या इशाऱ्याने चालू-बंद करणारा घेतला. सहा तास हा, सहा तास तो. खोली २८ च्या वर गेली की दोन्ही.

सेटिंग २४ अंश. १६ किंवा १८ नाही. ॲशरे या एसी-कूलिंगच्या इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेच्या मार्गदर्शनात यंत्राच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी असं आहे. ही शिफारस यंत्राच्या तोंडाची आहे, खोलीच्या कोपऱ्याची नाही. एसी १८ वर लावल्याने यंत्रांचा फायदा होत नाही, एसी फक्त थांबायचा थांबतो आणि फिल्टर जरा मळला की कॉइलवर बर्फ धरतो. बर्फ धरला की हवा बंद. रिमोट कुलूपबंद पेटीत ठेवला आहे, कारण खोलीत येणारा प्रत्येक जण चांगल्या मनाने दोन अंश कमी करून जातो.

५ एप्रिल

लाइन जाण्याची चाचणी, रविवारी पहाटे, डॉक्टरांना आधी सांगून.

लाइन घालवली, जनरेटर आधी मुद्दाम थांबवून ठेवला. यूपीएसने भार घेतला, सर्व्हरना कळलंही नाही. पण एसी यूपीएसवर नसतात. या खोलीत जेमतेम ४० किलो हवा आहे. २.६ किलोवॉट नुसत्या हवेत गेले तर ती मिनिटाला चार अंशांनी तापेल. भिंती आणि पत्रे बरीच उष्णता पितात म्हणून प्रत्यक्षात तेवढं होत नाही. तरी पहिल्या पाच मिनिटांत यंत्रांच्या तोंडाशी २४ चे २९ झाले, पंधरा मिनिटांत ३३. पुढे चढ मंदावला. बॅटरी तासभर पुरेल याचं कौतुक असतं, पण कूलिंगशिवाय तो तास यंत्रांना परवडत नाही.

मग जनरेटरला सुरू होऊ दिलं, तो अर्ध्या मिनिटात आला. एक एसी आपोआप चालू झाला, दुसरा झाला नाही. त्याचं ऑटो रीस्टार्ट कंपनीतून बंद आलं होतं. मिस्त्रीदादांनी सेटिंग करून दिलं. पुन्हा लाइन घालवली, पुन्हा आणली, दोन्ही उठले. ही चाचणी केली नसती तर हे मेमधल्या एखाद्या मध्यरात्री कळलं असतं.

सूचना लावल्या: तोंडाशी ३० अंश झाले की मला आणि काकांना मेसेज, ३५ ला फोन, ३८ ला रेकॉर्डर आणि बॅकअप स्वतःहून व्यवस्थित बंद. प्रतिमांचे सर्व्हर सर्वात शेवटी. जेवढे वॉट कमी, तेवढी त्यांना जास्त मिनिटं.

१९ एप्रिल

बाहेर ४३. आत २४.५. नोंदवण्यासारखं विशेष नाही.

२ मे

फिल्टर धुतले. आउटडोअरच्या कॉइलवर धुळीत मिसळलेले रुईचे बारीक तंतू चिकटलेले. जवळच जिनिंग आहे, हंगाम संपला तरी तंतू वाऱ्यावर असतात. कॉइल ब्लँकेट पांघरल्यासारखी झाली की एसी कितीही टनाचा असला तरी उष्णता बाहेर टाकू शकत नाही. उलट दिशेने, आतून बाहेर, हलक्या दाबाने पाणी मारून साफ केली. पाणी टँकरचं गोडं वापरलं, बोअरचं नाही. एप्रिल ते जून हे दर पंधरा दिवसांनी, असं काकांच्या वहीत लिहिलं.

अर्थिंग पुन्हा मोजलं. मार्चपेक्षा थोडं वर, पण अजून एक ओहमच्या आतच. पाणी घातल्याचा उपयोग झाला.

१७ मे

४५ च्या वर. सगळी मापं तासातासाला पाहिली.

सर्वात जड वेळ दुपारची नव्हती. दुपारी तीनला एक एसी आरामात चालला होता. रात्री साडेसात ते दहा हीच वेळ खरी. दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब आणि भिंत तेव्हा आत सोडतात, आणि बाहेरची हवाही अजून ३८-४० असते. इन्सुलेशन आणि गच्चीचा पांढरा रंग असूनही हे जाणवलं, ते नसतं तर काय झालं असतं ते कळतं. आठ वाजून दहा मिनिटांनी सिक्वेन्सरच्या सेन्सरपाशी २८ ओलांडले आणि त्याने दुसरा एसी लावला. पावणेदहाला तो थांबला. यंत्रांच्या तोंडाशी जास्तीत जास्त २६.५, तेही सर्वात वरच्या स्विचपाशी. सर्व्हरचे पंखे आपल्या नेहमीच्या वेगाच्या वर गेले नाहीत. पंखा थोडा जरी जोरात फिरला तरी वीज फार खातो, वेगाच्या घनाच्या हिशोबाने. म्हणून पंखे शांत असणं ही माझ्यासाठी थर्मामीटरइतकीच भरवशाची खूण आहे.

रात्री अकराला रेडिओलॉजीत जाऊन आलो. टेक्निशियन ताई सीटी करत होत्या, प्रतिमा सर्व्हरवर जाताना पाहिल्या. अडखळल्या नाहीत.

३० मे

बॅटऱ्यांचं तापमान पाहिलं, २६. स्टँड गार भागात ठेवल्याचा फायदा. या बंद लेड-ॲसिड बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांवर धरलेलं असतं आणि सतत आठ-दहा अंश जास्त राहिले की ते निम्म्यावर येतं. सोळा बॅटऱ्यांची किंमत पाहता मागच्या गरम भागात त्या ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, जरी तिथे जागा जास्त होती.

१४ जून

पहिला चांगला पाऊस. बाहेर दमटपणा एकदम वाढला, आतला ५५ टक्क्यांपर्यंत गेला. आता उन्हाळ्यात ज्याची कुरकुर केली ते एसीचं पाणी काढणं उपयोगी पडतं. दाराला खालून रबर पट्टी आणि क्लोजर लावला. उघडं दार म्हणजे आता ओल आत.

ड्रेनच्या पाइपात बादलीभर पाणी ओतून उतार तपासला. एका पाइपाला मधे पोट आलं होतं, क्लॅम्प वर घेऊन सरळ केलं. दोन्ही इनडोअरखाली पाण्याचा सेन्सर ठेवला, तोही त्याच मेसेजला जोडलेला.

काकांकडे वही सोपवली: रोज सकाळ-संध्याकाळ तीन आकडे, पंधरा दिवसांनी फिल्टर, तीन महिन्यांनी लाइन घालवून चाचणी. पहिल्या पानावर रॅकचं चित्र, कुठल्या यूमध्ये काय, आणि कुठली केबल कुठे. राहिलेलं काम: तिसऱ्या मजल्यावरून फायबरचा दुसरा मार्ग, आणि नवा एमआरआय आला तर स्टोरेजला लागणारे चार यू. ते मधोमध, रेकॉर्डरच्या वर राखून ठेवले आहेत, ब्लँकिंग पॅनेल लावूनच.